जयाला काम दिलं नाही

खारदांडा,
२६ एप्रिल १९८८

चि. जया हिस,
मथुरामावशीचे आशीर्वाद. वि. वि.

त्या सकाळी मी नळावरून पाणी भरलं, चूल पेटवली, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. मग वाडीत जाऊन बोंबील वाळत घातले, दोन-दोनांची तोंडं एकमेकांत अडकवून, बांबूंच्या रांगेवर. तू दारात उभी होतीस. मदतीला हात पुढे केलास, तर मी म्हटलं, तू बस गं. तू झाडू घेतलास, तोही मी काढून घेतला. तुझ्यासाठी भाकरी आणि सुकटीची चटणी झाकून ठेवली आणि मासळीची पाटी घेऊन अंधेरीच्या बाजारात गेले. दुपारी परत येते तर भाकरी तशीच, आणि खुंटीवर तुझी पिशवी नाही.

शेजारची कमल म्हणाली, पोर बसस्टॉपकडे गेली. बालगृहात फोन करायला लावला तेव्हा कळलं, तू नीट पोचलीस. जीव भांड्यात पडला, पण राग गेला नाही. महिनाभर माझ्याकडे राहून बघायची परवानगी मीराबाईंनी साहेबलोकांशी वाद घालून आणली होती. सरकारी नोकरीतली बाई एवढं कुणासाठी करते? आणि तू आठवडाभरही टिकली नाहीस.

तुझी आई सगुणा आणि मी बाजारात शेजारी बसायचो. ती हॉस्पिटलात वारली तेव्हा तू सहा वर्षांची. पोलिसांनी तुला परस्पर बालगृहात नेलं. तेव्हापासून मी आणि तुझे काका महिन्यातून एका रविवारी तुला भेटायला यायचो. त्यांची होडी परत आली नाही, त्यानंतर मी एकटी येते. इतक्या वर्षांत तू कधी रुसली नाहीस. आता कशाने रुसलीस? मासळीचा वास नको झाला असेल तर तसं लिही. पण खरं लिही.

तुझी,
मथुरामावशी


बालगृह, मुलुंड,
३० एप्रिल १९८८

ती. मथुरामावशीस,
जयाचा शि. सा. न. वि. वि.

मी रुसले नाही गं. वासाचं तर काहीच नाही.

इथे रोज प्रार्थना झाली की बाई कामं सांगतात. कुणाला भांडी, कुणाला केर, मला बहुतेक धाकट्या मुलींच्या वेण्या. एखाद्या मुलीला पाठवायचं ठरलं, म्हणजे तिचं लग्न ठरलं किंवा दुसऱ्या संस्थेत जायचं असलं, की तिला काम देत नाहीत. तिला म्हणतात, तू बस. कुठे जायचं ते तिला नंतर कळतं. गेल्या वर्षी माझ्या शेजारच्या कॉटवरच्या मीनाक्षीला असंच बसवलं आणि शनिवारी ती गेली.

तुझ्याकडे पहिल्या दिवसापासून तू मला बसवलंस. मी रोज वाट बघायची, आज तरी काम सांगेल. मग वाटलं, मी तुला नको आहे आणि सांगायला तुला जड जातंय. पाठवलं जाण्यापेक्षा आपणच गेलेलं बरं, म्हणून निघाले. भाकरी खाल्ली नाही, कारण विचारायला घरात कुणी नव्हतं.

आता दहा तारखेला माझं कुठे ते ठरवायला मंडळ बसणार आहे. येत्या महिन्यात मला अठरा पूर्ण होतात, मग इथे राहता येत नाही. एकट्या मुलीला सोडतही नाहीत. मी तुझ्याकडून पळून आले असं कागदावर आलं, म्हणून मला पुण्याच्या मोठ्या मुलींच्या संस्थेत पाठवायचं चाललंय. तिथे शिवण शिकवतात. जागा वाईट नाही म्हणतात. पण अंधेरीला जूनमध्ये बालवाडीच्या बाईंचा कोर्स सुरू होतोय आणि मीराबाईंनी माझी जागा धरून ठेवली आहे. पुण्याला गेले की ती गेली. मला लहान मुलांत राहायचंय, मावशी. शिवण मला जमत नाही, माझी काजं बघून बाईसुद्धा हसतात.

मी तुला न विचारता आले, हे चुकलं. लोभ कमी करू नकोस.

तुझी,
जया


खारदांडा,
४ मे १९८८

चि. जया हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग कमलला वाचून दाखवलं. ती पोट धरून हसली. मी आधी रडले, मग मीही हसले.

अगं वेडे, आमच्यात लेक माहेरी आली की तिला हंड्याला हात लावू देत नाहीत. माझ्या नणंदा यायच्या आणि चुकून एखादीच्या हातात कोयता दिसला, तर तुझे काका माझ्यावर डोळे वटारायचे. मी मनात म्हटलं, पोरीने बारा वर्षं दहाजणींची भांडी घासली, आता चार दिवस बसून खाऊ दे. हौस माझी आणि घोर तुला. कमल म्हणते, दोघी सारख्याच शहाण्या.

दहा तारखेला मी येते. चांगलं लुगडं काढून ठेवलंय. घाबरू नकोस, तुला घेऊनच येणार. आणि घरी आलीस की लाड बंद. पाणी, केर, बोंबील, सगळं करायचं. आणि झाकून ठेवलेली भाकरी कुणाला विचारून खायची नसते, हेही आजच शिकून ठेव.

तुझी,
मथुरामावशी


खारदांडा,
१४ मे १९८८

मीराबाईंस,
मथुरा हिचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

नेमका मंडळाच्या दिवशीच तुम्हाला मलेरियाने धरलं. ताप उतरला का? पेज पीत जा, नुसत्या चहावर राहू नका. तिथे काय झालं ते कळवायला लिहिते आहे.

साहेब आणि दोन बाया बसल्या होत्या. साहेबांनी विचारलं, मुलीशी नातं काय? मी म्हटलं, रक्ताचं नाही, बाजारातलं आहे. ते म्हणाले, मुलगी तुमच्याकडून पळून आली, मग पुन्हा कशी द्यायची? मी लाड आणि कामाची सगळी गोष्ट सांगितली. साहेबांना ती पटली नाही. त्यांनी पुण्याचा कागद पुढे ओढला. तेव्हा त्यातल्या एका बाईंनी जयाला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे?

तुम्हाला ठाऊक आहे, ही पोर पाणीसुद्धा विचारून पिते. तिने आधी विचारलं, बोलू का? मग सरळ साहेबांकडे बघून म्हणाली, "मी पळाले नाही. मला वाटलं, मला पाठवताहेत. मावशीने बोलावलं तर मी जाणार. पुण्याला पाठवलंत तरी सुट्टीत तिथेच जाणार."

साहेबांनी कागद बाजूला केला. वर्षभर तुमच्या खात्याचं माणूस दर तीन महिन्यांनी घरी येऊन बघेल आणि कोर्स अर्धा सोडायचा नाही, एवढ्या दोन अटी घातल्या. मी म्हटलं, दर महिन्याला या, जेवूनच जा. बाया हसल्या. जयाला त्याच संध्याकाळी घरी आणली.

तुमचं काम आता नियमाने संपलं असेल, पण लोभ नियमाने संपवू नका. बरं वाटलं की या.

तुमची,
मथुरा

ता. क. रेशनकार्डावर अजून आम्हा नवराबायकोची नावं होती. दुसऱ्या दिवशी मी रेशनिंग ऑफिसात गेले, ह्यांचं नाव कमी करून घेतलं आणि जयाचं लावलं.