संदर्भसूचीतलं एक नाव

आबा,

तुम्ही आता मेंढरं घेऊन वाईकडच्या रानात असाल. हे पत्र तुम्हाला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागेल, आणि यातली गोष्ट परक्या तोंडून तुमच्या कानावर जायला नको. म्हणून धाडणार नाही.

पीएचडीच्या प्रबंधात मी लिहिलं होतं, काळ्या रानात खतासाठी मेंढरं दोन राती बसवावीत, माळाला चार. लय बसवली तर खतानं पीक जळतं. माझ्या गाईड मॅडमनी शेजारी लाल शाईनं लिहिलं, 'संदर्भ?' आता तिथं 'आमचे आबा म्हणतात' असं कसं लिहायचं? सांगलीच्या ग्रंथालयात आठ दिवस शोधलं. वीस वर्षांपूर्वीच्या एका लेखात तेच वाक्य सापडलं. पुढं होतं, 'असे एका मेंढपाळाने सांगितले.'

लेखकाचा फोटो बघितला आणि ओळखलं. आपल्या तळावर चार दिवस राहिलेले चष्मेवाले साहेब. त्यांना चहा मीच नेऊन द्यायचे. तो मेंढपाळ तुम्हीच, आबा.

तरी मी संदर्भात साहेबांचंच नाव घातलं. मॅडम म्हणाल्या, "आता कसं शास्त्रीय वाटतंय." मलाही बरं वाटलं. तेच आता सलतंय.

आज ते नाव खोडलं. 'कोळेकर, मायाप्पा. प्रत्यक्ष मुलाखत' असं लिहिलं आणि तिथंच अडकले. पुढं मुलाखतीची तारीख द्यावी लागते. मेंढरं किती राती बसवायची, हे तर मला कळायला लागल्यापासून ठाऊकच आहे.

आबा, तुम्ही मला हे कवा सांगितलं?

तुमची,
राणी