फेरफार नव्हे, स्वच्छता

३ जून
नात लिहितेय, मी सांगतेय. वाचायचं कुणी नाही. तिनंसुद्धा लिहून झालं की विसरायचं, असं ठरलंय.
धाकट्या दिरांचं फुटबॉलवाल्याच्या चित्राचं जुनं कार्ड, अशी कार्डं तपासून दहापैकी मार्क देणाऱ्यांकडून परत आलं. प्लास्टिकच्या डबीत सीलबंद. वर चिठ्ठी: अस्सल, पण फेरफार केलेलं. मार्क नाहीत. भावजींनी खेळाडूचे फिकट मोजे पेनानं रंगवले होते. म्हणतात, अस्सल ते अस्सल. म्हटलं, भावजी, कलप लावून वय उतरत नाही. असल्या कार्डाला दाखला म्हणजे चोराला चारित्र्याचं सर्टिफिकेट. आमच्या काचेच्या कपाटात आणून मांडलं होतं, काढायला लावलं. नियम म्हणजे नियम.

५ जून
आता आमच्या ह्यांचं कार्ड पाठवणार. दोघा भावांना लहानपणी चॉकलेटच्या पुड्यांत एकाच दिवशी सारखीच कार्डं निघाली. ‘माझंच सरस’ म्हणत म्हणत हे गेले. सिद्ध केल्याशिवाय मी राहत नाही.

७ जून, दुपार
कडा विसकटल्यात. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, वाकडी कड डोळ्यांना सोसत नाही. कात्रीनं सूतभर घेतली. उजवीकडून जास्त गेली, म्हणून डावीकडून. मग वरून. मग खालून. सुरकुतीवर मलमल टाकून कोमट इस्त्री. हा फेरफार नव्हे, स्वच्छता. नात म्हणाली, आजी, मग धाकट्या आजोबांनी वेगळं काय केलं? तिला म्हटलं, तू लिही, डोकं चालवू नकोस.

८ जून
पाठवलं. दहापैकी नऊ कुठे जात नाहीत. एक मत्सरापोटी कापतील.

२६ जून
उत्तर नाही. चांगल्या मालाला वेळ लागतो. कपाटातली जागा पुसून ठेवली. भावजींना सांगितलं, आलं की बघायला या, शिकायला मिळेल.

२ जुलै
आलं. भावजी समोरच बसलेले. नात वाचताना दोनदा अडखळली. अस्सल, पण फेरफार केलेलं. चारही कडा कापलेल्या. मार्क नाहीत.
म्हटलं, ह्या लोकांना शिवणातलं ओ की ठो कळत नाही. भावजी हसलेसुद्धा नाहीत. खिशातून आपली डबी काढली, कपाटाचं दार उघडून धरलं आणि विचारलं, वहिनी, दोन्ही आत की दोन्ही बाहेर?
दोन्ही बाहेर, म्हटलं. नियम म्हणजे नियम म्हणणारी जीभ माझीच.

२ जुलै, संध्याकाळ
रिकामं कपाट बरं दिसतं. पुसायला सोपं.
बटणांच्या डब्यात कार्डाच्या कडांची कात्रणं सापडली. चारही. डिंक आहे. कार्डाची सीलबंद डबी तेवढी उघडत नाही.