आधी जेवू घालायचं

आई, तुझ्यावर चिडूनच लिहायला बसले आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझी कामं अजून माझ्याच गळ्यात पडतात. पाय सुजलेत, ओट्यावर भांडी तशीच पडलीत, आणि चर्चमधून आल्यापासून मी साडीसुद्धा बदललेली नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, आधी दोन घास खाऊन घे. खाल्लेत. पण कसे खाल्ले ते सांगायचं तर पार मागून सुरुवात करावी लागेल.

तो तुरुंगातून सुटून आलेला माणूस आठवतो? आपल्याच मंडळीतला. कारखान्यातलं तांबं चोरून विकल्याबद्दल आत गेला होता. रविवारी उपासनेला आला, पुरुषांच्या बाजूला मधल्या बाकावर बसला, आणि बघता बघता अख्खा बाक रिकामा झाला. कुणी बोललं काही नाही, नुसते एकेक करत दुसरीकडे जाऊन बसले. मी बायकांच्या बाजूला तुझ्याशेजारी. तू एकदम उठलीस, पदर सावरलास आणि मधली वाट ओलांडून त्याच्याशेजारी जाऊन बसलीस. केवढा गहजब! बाईमाणूस पुरुषांच्या बाकावर! त्या दिवशी पाळकसाहेबांचा संदेश कुणाच्या कानात शिरला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि वर तू त्याला घरी जेवायला घेऊन आलीस.

स्वयंपाकघरात मी तोंड फुगवून भाकऱ्या थापतेय. बाहेर तो खाटेवर अवघडून बसलाय. मी म्हणाले, ‘आधी त्याने माफी मागायला नको का? मग घालायचं जेवायला.’ तू तव्यावरची भाकरी उलटलीस. ‘अगं शहाणे, उपाशी माणूस माफी मागतो ती भाकरीसाठी. पोट भरल्यावर मागितली तर खरी.’ मग बायबलमधला तो लोकांना नाडणारा जकातदार काढलास. प्रभूने त्याला आधी सुधार म्हटलं नाही, तुझ्या घरी येतो म्हटलं. त्याचं मन पालटलं ते नंतर. ‘बोलावणं आधी, पश्चात्ताप मागाहून. हे उलटं केलंस तर आपण कुठे उरतो? तुझ्या पणजोबांना गावात कुणी ओट्यावर टेकू दिलं नाही. मिशनच्या मडमेने आपल्याशेजारी पाट मांडला तेव्हा त्यांना देव कळला. ते काय आधी पवित्र होऊन जेवायला गेले होते?’ तेव्हापासून आपल्या मंडळीत रीतच पडली. भरकटलेला माणूस परत यायचा असो की कुणी नवा यायचा असो, शनिवारी तो कुणाच्या तरी घरी जेवतो आणि रविवारी त्या घरच्यांबरोबर एका बाकावर बसतो. लोक अजून कौतुकाने तुझं नाव काढतात. शनिवारी राबणाऱ्या बाईला विचारा म्हणावं.

लग्नात तू मला सोनं दिलं नाहीस, हे भलंमोठं पातेलं दिलंस. दोघांपुरतं शिजवायची सवय लावून घेऊ नकोस, म्हणालीस. तुझा जावई वाईट नव्हता, आई. सातपूरला लेथवर काम, हात सोन्याचा. पण शिफ्ट सुटली की कारखान्यांच्या मागच्या वस्तीत एका बाईच्या दारात. हरसूलकडची बाई, हातभट्टीची विकायची. पगाराच्या दिवशी मी गेटवर जाऊन उभी राहिले तर हे मागच्या भिंतीवरून पसार. यकृत गेलं, पोटात पाणी झालं. ते सगळं बघायला तू उरली नव्हतीस, ते एका अर्थी बरंच झालं. ह्यांना पुरलं आणि त्यानंतर मी प्रभुभोजनाची भाकरी घ्यायला वेदीपुढे गेलेच नाही. मनात राग धरून त्या भाकरीला हात लावायचा नाही, हे तूच शिकवलेलं. सगळे उठून पुढे जातात, मी बाकावर गायनाच्या पुस्तकात डोकं घालून बसते. कुणी कधी कारण विचारलं नाही. ह्यांचं तर नावही कुणी काढत नाही. दारुड्याचं काय नाव काढायचं!

हल्लीचे आपले पाळक म्हणजे कोवळं पोरगं. मागच्या आठवड्यात आले, चहा घेतला आणि म्हणाले, ‘काकू, एक बाई बरेच रविवार मागच्या बाकावर येऊन बसतेय. धंदा सोडलाय तिने. या शनिवारी तुमच्याकडे पाठवू का? तिनेच तुमचं घर मागितलंय.’ धंदा हातभट्टीचा आणि बाई तीच, हे कळलं आणि माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, ‘डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? नाशकात दुसरी घरं नाहीत?’ तर म्हणतात, ‘आहेत ना. तुम्ही नाही म्हणालात तर दुसरीकडे विचारतो.’ असल्या शांत माणसाशी धड भांडताही येत नाही. आईची रीत लेकीनेच मोडली, हे लोकांकडून ऐकून घेण्यापेक्षा मी हो म्हटलं. त्यात चांगुलपणा वगैरे काही नव्हता.

काल मुद्दाम साधा वरणभात केला. ती आली, हातात मेथीची जुडी. वाळून काटकी झालेली, केस पांढरे. ‘ताई, लय उशीर झाला का?’ मी म्हटलं, ‘बसा.’ ताट वाढलं. तिने डोळे मिटले, मग एक उघडून मी काय करतेय ते पाहिलं आणि परत मिटला. आणि मग जेवली. अगं काय जेवली! दोनदा भात मागून घेतला. मी समोर बसून वाट बघतेय, आता रडेल, आता पाय धरेल. तिचं आपलं लोणचं चाखणं चाललंय. शेवटी मला राहवेना. ‘मी कोण ते माहीत आहे का तुम्हाला?’

‘म्हाईत हाय. दादांच्या घरच्या तुमी. म्हनून तर हे घर मागितलं.’

‘मग?’

‘माफी मागाया आले व्हते ताई. पन त्ये तोंडानं बोलून भागंल व्हय? किती घरं बुडाली माझ्यापायी.’ ती ताटाकडेच बघत होती. ‘दादा गिलास हातात घेतला की आधी डोळे मिटून देवाचे आभार मानायचे. बाकीचे खिदळायचे. मी कधी हसले नाय. डोळे मिटून जेवायचं आसतं हे मला त्यांच्याकडूनच कळलं.’

आई, मला हसू फुटलं. दारूपुढे प्रार्थना! दुसरं कोण करणार! आणि हसता हसता असा संताप चढला की मी एकदम अगं-तुगंवर आले. तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, तुझ्या कानांना सोसणार नाही. ती उठून जाईल म्हटलं, तर बसूनच. उष्टा हात ताटात वाळत चाललेला. मी दमून गप्प झाले तेव्हा म्हणाली, ‘अजून आसंल तर बोला. मी बसलेय.’ अजून नव्हतं काही. मी उठून तिच्या हातावर पाणी घातलं.

दारात चपला घालताना म्हणते कशी, ‘पाळकसाहेब म्हनत व्हते, त्या ताई बी किती वर्सं पुढं जात नाईत. कुनी बोलवाया गेलं तर येतील.’ ऐक! मी समजत होते मी मोठी हिला बोलावतेय. लबाड पोरगं कुठलं!

आज ती माझ्याशेजारी बसली. दोन-चार माना वळल्या, पण बाक सोडून कुणी उठलं नाही. प्रभुभोजनाची वेळ आली, सगळे उठले, मी पुस्तक उघडलं. तिला अजून पुढे जाता येत नाही, बाप्तिस्मा झालेला नाही. तिने कोपराने हळूच ढोसलं. ‘जा ना ताई. मी धरते तुमची पर्स.’ गेले मी. गुडघे टेकताना जीव जायची पाळी आली. राग होता तसाच होता, रागासकटच भाकरी घेतली. तुझ्या शिकवणीत हे बसतं की नाही, मला ठाऊक नाही. डोळ्यांत पाणी आलं नाही, मन हलकंबिलकं झालं नाही. भूक मात्र सडकून लागली. घरी येऊन कालचा भात फोडणीला टाकला आणि उभ्याउभ्याच खाल्ला.

निघताना मी तिला पुढच्या शनिवारीही ये म्हणाले. पाळकांना वाटतंय मी तिला माफ केलं. तिलाही तसंच वाटत असेल. निदान तुझा तरी गैरसमज नको. हा कागद तुला पोचायचा नाही आणि मी तो कुणाला दाखवणारही नाही, म्हणून खरं लिहिते. मला तिची माफी नकोय, आई. मला ह्यांच्याबद्दल ऐकायचंय, आणि सांगणारी ती एकटीच उरली आहे.