मातीची चौकशी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

वही, माफ कर. दिवाळीच्या आधी तुला हात लावला होता, तो आज लावतोय. लिहायला काही नव्हतं असं नाही. इतकं होतं की कुठून धरावं तेच कळेना. सातवी शिकलेला माणूस मी, किराणा दुकानात उभा राहून जन्म गेला. मनातलं ओळीत लावायला वेळ लागतो.

तर — आम्हाला परदेशी जायचं आहे. मी आणि ही. पोरानं, बसवेशनं, ओमानला बोलावलंय. मस्कतच्या पुढं समुद्राच्या कडेला त्याच्या कंपनीची वसाहत आहे, तिथं त्याला घर मिळालंय. सून रुचिका पोटुशी आहे, जानेवारीच्या शेवटी दिवस भरतात. तिला आई नाही. बाळंतपण कोण करणार? तर कंपनीनं आईबापाला वर्षभर ठेवून घ्यायची परवानगी दिली. असा पोरगा, अशी सून, वर अशी कंपनी. केदारेश्वरापुढं नारळ फोडून आलो.

ही तर ऐकल्यापासून जमिनीवर नाही. मी मात्र रात्रंदिवस एकाच गोष्टीला चिकटलोय. घरात बोलायची चोरी, म्हणून इथं लिहितो.

तिथं मेलो तर?

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत. बसवून, डाव्या तळहातावर लिंग ठेवून माती देतात. ओढ्यापलीकडं आमची जागा आहे. दादा, म्हणजे माझे वडील, तिथं आहेत, आजा तिथं आहे. दादांच्या उजव्या हाताची जागा मी केव्हाच नजरेनं धरून ठेवलीय. आता तिकडं वाळवंटात काय झालं तर मला कोण बसवणार?

१२ नोव्हेंबर

आज मैनोद्दीनकडं गेलतो. आमच्या दुकानाशेजारी त्याचं सायकलीचं दुकान होतं. मग तो ओमानला जाऊन बरीच वर्षं पाण्याचा टँकर चालवून आला. त्याच्याइतकं तिकडचं ज्ञान सगळ्या धर्मापुरीत कुणाला नाही.

म्हणाला, "लाईट जात न्हाई, पानी जात न्हाई. लई आराम हाय. फकस्त दुपारी भाईर निघू नको, वाळून जाशील मिरचीवानी."

मी इकडचं तिकडचं विचारलं आणि हळूच म्हणालो, तिथं माणूस गेलं तर आपल्या लोकांची माती कुठं करतात?

त्यानं चहाची बशी खाली ठेवली. "अण्णा, लोकं येतेत, पगाराचं इचारतेत, व्हिसाचं इचारतेत. मातीचं इचारणारा तूच पयला बे."

"सांग की पण."

"आमचं सोपं हाय. जिथं मेला तिथं दफन. तुमचं बसवायचं असतंय. त्येला जरा कारीगर मानूस लागंल."

हसला, मलाही हसू आलं. पण निघताना खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बसवेशला साफ इचार. मनात ठिवू नको." भावासारखा माणूस. त्याच्याजवळ बोललो म्हणून आज जेवण गेलं.

१३ नोव्हेंबर

सी चौदा. हा घराचा नंबर. हरवलो तर फाटकावरच्या माणसाला सांगायचा. पाठ झाला.

१८ नोव्हेंबर

संध्याकाळी बसवेशचा व्हिडिओ कॉल. वसाहतीचे नियम वाचून दाखवले. कठड्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत. दुपारी मोठ्यानं बोलायचं नाही. बाहेर जाताना गळ्यात कार्ड.

हिचं तोंड उतरलं. "मंग बाळाची दुपटी कुठं वाळू घालायची?"

"माय, वाळवायची मशीन हाय."

"मशीनीत ऊन असतंय का रे?"

रुचिका मागं बसून खळखळून हसली. म्हणाली, "आत्या, तुम्ही या तरी. ऊन बघू कुठून आणायचं." गोड पोरगी. तोंड जरा सुजलंय तिचं.

ही स्वयंपाकघरात गेली तसं मी बसवेशला मातीचं विचारून टाकलं. त्यानं फोन तोंडाजवळ आणला. मग म्हणाला, "आप्पा, तुमी जगायला यायलाव का मरायला?"

फोन ठेवला. उगाच विचारलं असं वाटतंय. पोरगं दिवसभर राबून आलेलं, आणि बाप त्याला मातीचं विचारतो.

२४ नोव्हेंबर

पोरगं रागावलं नव्हतं. कचेरीत जाऊन चौकशी केली त्यानं. आज मला एकट्याला फोन लावला. म्हणाला, असं काही झालं तर कंपनी सगळं करते, विमानानं घरी पाठवते, तुम्ही निश्चिंत राहा. असल्या गोष्टीची चौकशी करताना त्याच्या जिवाला काय वाटलं असेल! तरी केली. माझं नशीब मोठं.

दुपारभर हलकं वाटलं. मग विचार आला — विमानात पेटीत आडवं ठेवणार. तसंच आखडलं तर इथं आल्यावर मांडी कशी घालणार?

स्वामींकडं गेलो. आमच्या घरची सगळी कार्यं तेच करतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "अण्णाराव, गुडघे दुखतेत म्हनून तुमाला आताच मांडी घालता येत न्हाई. मेल्यावरची काळजी कावून करता?"

त्यांच्या घरातले सगळे हसले. मग त्यांनी मला भस्म लावलं. "हातात लिंग असलं की कुटली बी माती शिवाचीच," म्हणाले. त्यांच्या तोंडून आलं म्हणजे खरंच असणार. पण त्यांची स्वतःची जागा ओढ्यापलीकडंच आहे, हे मी विसरू शकत नाही.

२ डिसेंबर

आम्ही दोघं हैदराबादहून काल परत आलो. वसाहतीत राहायचं तर आधी डॉक्टरी तपासणी लागते. कंपनीनं सांगितलेल्या दवाखान्यात गेलो. मैनोद्दीन सोबत आला, स्वतःहून. "तुला एकट्याला सोडलं तर डॉक्टरला मातीचं इचारत बसशील," म्हणाला.

रक्त दिलं, डोळे दाखवले. मग छातीचा फोटो. आतली मुलगी म्हणाली, "चाचा, गले का निकाल देओ."

गळ्यात चांदीच्या करड्यात, म्हणजे डबीत, लिंग. जंगम गुरूनं बांधलं त्या दिवसापासून ते अंगावेगळं केलेलं नाही. आमच्यात ते उतरवत नाहीत. मी तिथंच थांबलो. मागं रांग. मैनोद्दीननं दारातून तिला सगळं समजावून सांगितलं, त्यांच्या बोलीत. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "हौ, तो हाथ में पकड़ लेओ ना. अंग को लगा रैना बस."

मी दोरा मानेवरून काढला आणि करडं तळहातावर घेतलं. डाव्या. मुद्दाम नाही, उजव्या हातानं मशीनची कड धरली होती म्हणून. "सांस रोको," म्हणाली. मी श्वास रोखला आणि एकदम ध्यानात आलं, दादांना असंच बसवलं होतं. डावा हात असाच होता. फोटो निघाला तसा मी तिथंच खाली बसलो.

ती पोरगी धावत आली, पाणी दिलं, स्वतःच्या हातानं दोरा गळ्यात घातला. नाव विचारायचं राहिलं. तिचं कल्याण होवो.

मग "गंगासागर" अशी हाक आली, ही आत गेली, करडं मुठीत घेऊन उभी राहिली, बाहेर आली. माझ्याकडं बघून म्हणाली, "आवं, असं कावून बसलाव? फोटूच काढला की, टाका तर घातला न्हाई."

९ डिसेंबर

बॅगा. काय ते वजन, काय ती भांडणं. हिनं काठवट काढून ठेवली होती. लाकडाची, तिच्या माहेरची. मी म्हणालो, "काठवट विमानात नेत नाहीत." तर म्हणते, "मंग भाकरी काय तुमच्या डोक्यावर थापू?" लेक सत्यशीला तेलगावहून आली होती. तिनं आईला कसंबसं समजावलं, काठवटीच्या जागी डिंकाचे लाडू आणि जुन्या लुगड्यांची दुपटी भरली. घराची किल्ली सत्यशीलाकडं राहणार.

ही जुनं मऊ सूत हातात धरून बसली होती. "ह्येच्यावर बसवेश निजलता," म्हणाली. इतकी आनंदात मी तिला फार वर्षांनी बघितली. दुकान, घर, आजारपण, सगळं तिनं माझ्याबरोबर ओढलं. कधी कुठं फिरायला नेली नाही. आता तरी विमानात बसेल, समुद्र बघेल. तिच्याकडं बघून माझीच मला लाज वाटली. मी आपला मातीचं धरून बसलोय.

१० डिसेंबर

गुडघ्याला तेल चोळलं. मांडी घालून बघितली. थोडी जमते.

१९ डिसेंबर, येळवस

आज वेळा अमावास्या. शेतात जेवण. कडब्याची खोप केली, पूजा झाली, भज्जी, भाकरी आणि माठातली आंबील. सत्यशीला, जावई, स्वामी, सगळे आले. मैनोद्दीन दरवर्षीसारखा बायकोला घेऊन आला आणि दरवर्षीसारखा आंबिलीचा तिसरा तांब्या रिकामा करून म्हणाला, "आता बस." मग चौथा मागितला.

ज्वारी डोक्याबरोबर उभी आहे. जेवून ज्वारीच्या सावलीला पडलो. ही शेजारी बसून सुनेला फोनवर शेत दाखवत होती. "ही बघ खोप. ह्ये तुझं सासरं, निजल्यात बघ कसं." रुचिका तिकडून म्हणाली, "आप्पांना घेऊन लवकर या. सी चौदात तुमच्या खोलीला पडदे लावलेत."

पडदे लावलेत म्हणे आमच्यासाठी.

तेव्हाच मनातली गाठ सुटली. कसली माती आणि कसली जागा! ही जिथं असेल तिथं मी. काही झालं तर ही शेजारी असेल, तोंडात पाणी घालेल, हातात लिंग आहे का ते बघेल. आणखी काय पाहिजे? घरी आल्यावर तिला म्हणालो, आता मला कसलीच काळजी नाही. ती म्हणाली, "तुमाला? बघू किती येळ टिकतंय."

२३ डिसेंबर

फोटोत डाग निघाला.

तरणा असताना क्षय झाला होता. आंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात बरा झालो, त्या डॉक्टरांच्या जिवावर आजवर जगलो. मी विसरूनही गेलतो. फुप्फुसावर त्याचा व्रण राहिलाय. आता रोग काही नाही, पण त्यांच्या नियमात बसत नाही. हिला परवानगी आली, मला नाही.

बसवेशनं फोनवर हे सगळं सांगितलं. नंतर म्हणाला, "आप्पा, मी परत एकदा अर्ज करतो." करून बघ म्हणालो. होणार नाही हे त्याच्या आवाजावरून कळत होतं.

ही बॅग उघडून सामान बाहेर काढायला लागली. "मी न्हाई जात."

"अगं, पोरीला आई नाही."

"आन तुमाला कोन हाय? भाकर कोन थापल? रातच्याला खोकलाव तर कोन उटल?"

"सत्यशीला आहे. मैनोद्दीन आहे."

"मैनोद्दीन खोकल्याला उटनार व्हय!"

मग ती रडली. मी दुपट्यांच्या घड्या घालून पुन्हा बॅगेत ठेवल्या. तिनं परत काढल्या. मी परत ठेवल्या. संध्याकाळपर्यंत हेच चाललं होतं. शेवटी रुचिकाचा फोन आला. हिनं उचलला. पलीकडचं मला ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर तिनं डिंकाच्या लाडवाचा डबा उचलला आणि आपल्या हातानं बॅगेत ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही.

रागावू कुणावर? त्याच रोगातून उठलो, म्हणून पुढं बसवेश झाला, म्हणून आज नातवंडाच्या वाटेला डोळे लागले. डागाला नावं ठेवायचं तोंड नाही मला.

११ जानेवारी २०२६, रविवार

वही, आज तुझ्याशी बोलत नाही.

गंगासागर, विमानतळावर तुला चाकांच्या खुर्चीत बसवून नेलं तेव्हा तू सरपंचासारखा हात केलास. नंतर काचेमुळं काही दिसलं नाही. मैनोद्दीननं मला घरी आणून सोडलं. त्याच्या घरून भाकरी आली, जेवलो. तुझं विमान उशिरा सुटलं म्हणे, आता समुद्रावर असेल.

माती इथली, दादांच्या शेजारची. मला हवी होती तीच राहिली. पण तू येईपर्यंत मी ओढ्यापलीकडं पाऊल टाकत नाही, हे लिहून देतो. रुचिकाला जप. बाळाला माझं नाव सांग. आणि पोचलीस की कळव. बसवेशला म्हणावं, आधी आप्पांना फोन लाव. लवकर कळव, मी फोन हातात धरून बसलोय.