पुसलेलं कुंकू

रविवार, १८ जानेवारी, अंधेरी

खाडीवरचा जुना दगडी पूल बघायला आमचा हेरिटेज वॉकचा गट गेला. एक कोळीण कमानीच्या दगडाला कुंकू लावत होती. मी ओरडलेच, "अहो, संरक्षित वास्तू आहे ही! पुसा आधी."

"माजा पोर आज पयल्यांदा बोट घेवून चाललाय, बाय."

"पुसा म्हटलं ना!"

तिने पदरानेच पुसलं आणि निघून गेली.

मग गाइडने सांगितलं, पूल बांधताना कोळ्यांच्या देवीचा दगडच कमानीत बसवलाय. बोट निघण्याआधी घरची बाई त्याला कुंकू लावते.

कालच्या हळदीकुंकवाची पुडी माझ्या पर्समध्ये होती. तिच्या मुलासाठी मीच लावायला हवं होतं. पण सगळे बघत होते ना.

तिने पदराने पुसलं तेव्हाही सगळे बघतच होते.