तुमच्या भुताची साक्ष

मास्तर,

तुम्ही गेल्यावर तुमचं भूत झालं होतं, हे तुम्हाला कोणी कळवलं की नाही कोण जाणे. तुम्ही जन्मभर भुताखेतांची टिंगल केलीत, आणि वर्षश्राद्ध व्हायच्या आत पालीच्या बाजारात लोक शपथेवर सांगू लागले की मास्तर भर दुपारी बागेत फिरतात, अंगात तोच काळा कोट, हातात तीच छडी. बाग म्हणजे सड्याच्या, त्या कातळी माळाच्या, कडेची तुमची आंब्याची. मे महिन्याच्या सुट्टीतही आम्हाला तिथल्या खोपीत बसवून तुम्ही औटकीचा पाढा घोकून घ्यायचात, आणि कैरीला हात लावला की ‘हात पुढे!’ म्हणून छडी द्यायचात. मग आम्ही लाल झालेले तळवे घेऊन तुमच्या घराच्या मागच्या पडवीत जायचो. काकी चुलीपुढून उठायच्या आणि प्रत्येकाच्या हातावर आंबापोळीचा तुकडा ठेवायच्या. तुम्हाला हे ठाऊक होतं असा माझा दाट संशय आहे, कारण त्या वेळी तुम्ही नेमके ओटीवर पाठ करून उभे असायचात.

त्या मे महिन्यात आम्ही तुमचे तिघे विद्यार्थी बोटीने मुंबईहून गावी आलो होतो. मी कारकून, एक गिरणीत साचेवाला, आणि एक दवाखान्यात कंपाउंडर, म्हणजे स्वतःच्या मते डॉक्टरच. तुमच्या धाकट्या भावाने आम्हाला गाठलं. त्याला बाग आणि घर दोन्ही विकून काकींना खेडला त्यांच्या भावाकडे पोचतं करायचं होतं. गिऱ्हाईकही तयार होतं, पण भुताच्या बागेत पाय टाकायला धजत नव्हतं. ‘तुम्ही शिकलेसवरलेले,’ तो म्हणाला. ‘दोन दिवस खोपीत राहा आणि गावाला सांगा, भूतबीत काही नाही.’ शिकलेसवरलेले म्हटल्यावर आम्ही असे फुगलो की काकींचं काय होणार, हे विचारायचंसुद्धा सुचलं नाही.

इतक्या वर्षांनी तिघं एकत्र. पहिला दिवस हसण्याखिदळण्यात गेला. दुसऱ्या दिवशी जेवून आम्ही खोपीत आडवे झालो. ऊन असं की पाखरू बोलत नव्हतं. कंपाउंडर आम्हाला भुतं म्हणजे पोटातल्या वाताचे प्रकार आहेत हे समजावून सांगत होता. तेवढ्यात दगडी गडग्यापलीकडे पाचोळा वाजला. मी उठून पाहिलं. उन्हाच्या तिरपीत तुमचा कोट उभा होता. वर तुमचं पागोटं, हातात छडी, आणि तोंडाच्या जागी नुसता काळोख.

‘कोण रे ते? उभे राहा!’ तुमचाच आवाज.

साचेवाला माझ्या पाठीमागे दडला. ‘आयला, मास्तरच हायत!’

‘हात पुढे!’

आता इथे कुठलाही शहाणा माणूस धूम ठोकतो. आंबेचोर ठोकत होते, गिऱ्हाइकाने पाठवलेला माणूसही ठोकून गेला होता. पण आम्ही तुम्ही घडवलेले. तिघंही खोपीबाहेर आलो, रांगेत उभे राहिलो, हात पुढे केले आणि डोळे घट्ट मिटले. पाचोळा वाजत जवळ आला. कंपाउंडर वाताचं औषध सोडून रामरक्षा पुटपुटत होता. मी छडीची वाट पाहत होतो, आणि तळव्यावर काहीतरी मऊ, चिकट पडलं. डोळे उघडले तर आंबापोळी.

‘मेल्यांनो,’ पागोटं आणि तोंडावरचं काळं फडकं काढत काकी म्हणाल्या, ‘एवढाले घोडे झालात, आणि पळायचंसुद्धा कळत नाही होय रे?’

त्या तिथेच गडग्यावर टेकल्या. घामाने निथळत होत्या. भर उन्हात लोकरीचा कोट घालून भूत होणं सोपं काम नव्हे. ‘उभी हयात ह्या घरात गेली,’ त्या म्हणाल्या. ‘आता भावजयीच्या चुलीपुढे पाटपाणी करत बसू? ह्यांच्या आवाजाला आख्खा गाव भ्यायचा, म्हटलं तोच वापरावा.’ मग आमच्याकडे न बघता विचारलं, ‘सांगणार तुम्ही दिराला?’

खोटं बोलू नये असं तुम्ही शिकवलं होतंत. त्या दिवशी आम्ही पालीच्या बाजारातून बोंबलत पळालो. साचेवाल्याने एक वहाण वाटेत मुद्दाम टाकली आणि दुसरी खरोखरच हरवली. कंपाउंडर पिंपळाच्या पारावर बसून चारचौघांत स्वतःची नाडी बघत राहिला आणि ‘लागत नाही, लागत नाही’ म्हणत मान हलवत राहिला. तुमचा भाऊ चिडून म्हणाला, ‘अहो, तुम्ही तर शिकलेली माणसं!’ मी म्हटलं, ‘म्हणून तर आवाज ओळखला.’ गिऱ्हाईक त्याच संध्याकाळी रत्नागिरीला परत गेलं. पुन्हा कोणी आलं नाही. काकी आपल्याच घरात, आपल्याच चुलीपुढे म्हाताऱ्या झाल्या आणि तिथेच गेल्या. तुमच्या नावावर एवढं मोठं खोटं बोललो त्याचं मला जराही वाईट वाटत नाही, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

आता पालीत म्हणतात की बागेत दोघं असतात, मास्तर ओरडतात आणि काकी त्यांना गप्प बसवतात. तुमचा पुतण्या हल्ली मला विचारतो, खरं काय ते तुम्हीच सांगा. मी गंभीर तोंड करतो. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं हा प्रश्नच आहे, तेव्हा घडी घालून काकींनी मला दिलेल्या तुमच्या कोटाच्या खिशात ठेवून देईन. एकच गोष्ट त्या पुतण्याला कधी बोललो नाही. पेन्शनीत निघाल्यापासून दर मे महिन्यात मी दुपारचा खोपीत जाऊन बसतो. लोकांना वाटतं, आंबे राखतो. मी हाक येते का ते बघतो, मास्तर. अजून आलेली नाही.