आईचं सोवळं आणि माझी लाकडी फरशी

३ नोव्हेंबर
सुंदरपूरच्या नव्या घरात लाकडी फ्लोअरिंगच करायचे. ठरले. बायकोला, देवयानीला, मार्बल हवे होते. पण बनारसच्या थंडीत दगडावर आईचे पाय गारठतात. शेजारच्या पांडेजींकडे लाकडी आहे, म्हणून तर मी करत नाही ना? प्रामाणिकपणे तपासले. नाही. बहुधा.
दुकानदाराने बजावले, “पानी मत गिराइएगा, फूल जाएगा.” पाण्याने लाकूड फुगते म्हणे.

९ नोव्हेंबर
दूधविनायक मोहल्ल्यात आईकडे फळीचे सँपल नेले. म्हणाली, “फरशी रोज बादलीने धुता आली तरच मी राहायला येईन. नुसत्या पोछ्यावर माझं सोवळं भागत नाही.” मग स्वतःच म्हणाली, “मुन्शी घाटावरच्या नावाही लाकडाच्याच. बारा महिने पाण्यात.”
“तेच तर!” मी म्हणालो.
खोटे बोललो का? नाही. फक्त ‘नाही’ म्हणालो नाही. तर्कशास्त्र शिकवतो, फरक कळतो.

१८ नोव्हेंबर
विष्णू मिस्त्रीने फळ्या बसवल्या. देखणे काम. आई आली की पहिल्याच दिवशी समजावून सांगायचे. संकल्प.

२ डिसेंबर
आई काल रात्री आली. आज पहाटे बादलीचा आवाज. अडवणार होतो, पण ती सोवळ्यात. जवळ कसा जाणार? दुपारी सांगायला गेलो तर म्हणाली, “विशू, पाय अजिबात गारठले नाहीत हो.”
उद्या.

१० डिसेंबर
आई पूजेला बसली की मी मागून टॉवेलने टिपून घेतो. पद्धत यशस्वी.
देवयानी म्हणाली, “कॉलेजातून रजा घ्या. पूर्णवेळ टिपा.”

१९ डिसेंबर
हॉलमध्ये फळ्या फुगल्या. आईने विचारले, “हा उंचवटा कसला रे?”
“डिझाइन,” म्हणालो. हे मात्र खोटे. नोंद असावी.
देवयानीने रविवारपर्यंत मुदत दिली आहे. मग ती सांगणार.

२२ डिसेंबर, रविवार
आज सांगायचेच. वाक्ये नीट जुळवावीत म्हणून आतल्या खोलीत बसलो, दार जोर लावून बंद केले. आता उघडत नाही. आत उघडणारे दार, आणि त्याच्यापुढे फळ्या उठलेल्या.
हाका मारल्या. देवयानी बाहेरून म्हणाली, “आता दाराआडूनच सांगा. सोपं जाईल.”
विष्णू मिस्त्रीला फोन केला. निघतोय म्हणाला. आई म्हणाली, “तो चपलांसकट घरभर फिरेल. तो यायच्या आधी धुवून पूजा उरकते.”
सांगणारच होतो. बादली ओतली गेली.
“विशू, आतपर्यंत पोचतंय ना रे पाणी?”
पाय खुर्चीवर घेतले.
“पोचतंय,” म्हणालो.